बुडालेल्यांनी उभं राहू नये

त्या संध्याकाळी बाबा जागे राहिले. धाकटीचं एक अख्खं गाणं, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, त्यांनी उघड्या डोळ्यांनी ऐकलं.

असं काही झालेलं नाही. ती वाक्यं वर चुकून पडलीत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. बाबा आत्ता घरी पलंगावर बसून दुसरा मोजा शोधतायत, कार्यक्रमाला अजून अवकाश आहे, आणि ते गाण्यात जागे राहतील असं या घरात कुणीही म्हणत नाहीये. खुद्द बाबाही नाही.

"मी प्रयत्न करीन," ते म्हणाले.

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात," आई म्हणाली. "पडदा पुरता वर जायच्या आत घोरायला लागलात."

"तो पडदा फार सावकाश जातो गं वर. बघता बघता डोळे जड होतात."

"आज पडदाच नाहीये, बाबा," धाकटी म्हणाली. "थेट सुरुवात."

"मग बरं," बाबा म्हणाले, आणि पलंगाखाली वाकून मोज्याला हाक मारल्यासारखा चुकचुक आवाज केला.

आता बाबांच्या झोपेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. बाबांनी उभा जन्म पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला काढला. जग कामाला निघायचं तेव्हा ते अंगावर मैदा घेऊन घरी यायचे आणि अंथरुणावर पडायचे. झोप मात्र यायची नाही, कारण खिडकीसमोर पत्र्याच्या पेट्या बनवणारा होता आणि तो माणूस आपल्या कामावर जिवापाड प्रेम करायचा. आई सकाळीच दवाखान्यात ड्यूटीला जायची. दादाची शाळा सकाळची, धाकटीची दुपारची. तेव्हा बाबांना झोपवायचं काम धाकटीकडे आलं. ती पलंगाच्या कडेला पाय हलवत बसायची आणि गायची.

सुरुवातीला येत होती ती सगळी गाणी संपायची, मग ती पाढे चालीत म्हणायची, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवरची जाहिरात. हळूहळू एका गाण्यात काम होऊ लागलं. मग एका कडव्यात. ती शाळा सोडून कॉलेजात गेली तोवर दोन ओळी पुरत होत्या, आणि नंतर नंतर तर तिने गाण्यासाठी नुसता श्वास भरला तरी बाबांची मान छातीवर यायची. पत्र्याच्या पेट्यांवाला दुकान विकून गेला, बाबा निवृत्त झाले, रात्री सगळ्यांसारखे झोपू लागले. पण कानांना कुणी निवृत्तीचं कळवलं नाही.

धाकटी दिवसा चष्म्याच्या दुकानात बसते. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते आणि "आता बरं दिसतंय की मघाशी?" असं विचारते. संध्याकाळी गावातल्या मोठ्या गायकवृंदात गाते. तिच्या एकूण एक कार्यक्रमाला बाबा इस्त्रीचा सदरा घालून आलेत आणि एकूण एक कार्यक्रमात झोपलेत. चाळीस जणांच्या घोळक्यात ती मागच्या रांगेत उभी असली तरी तिचा आवाज ते बरोबर वेचून काढतात आणि त्यावर डोकं टेकतात. एकदा धाकटी सर्दीमुळे घरी राहिली. तिकीट वाया जाऊ नये म्हणून बाबा एकटेच गेले. पूर्ण कार्यक्रम टक्क जागे. घरी येऊन म्हणाले, "आज त्यांचं काहीतरी चुकत होतं."

यावर घरात वर्षानुवर्षं हसून झालं होतं, आणि तसंच हसत राहिलं असतं. पण गेल्या आठवड्यात जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. म्हणाले, "तुमची मुलगी काय गाते हो!" बाबा भाजीची पिशवी घेऊन वर आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि अगदी सहज, पाऊस आहे का बाहेर असं विचारावं तसं, धाकटीला विचारलं, "कसं गातेस गं तू?"

धाकटीने पिशवीतली भाजी निवडायला घेतली. त्या रात्री तिला झोप आली नाही. तिला झोपवणारं घरात कुणी नव्हतं.

म्हणून या वेळी तिला काहीही करून बाबा जागे हवे होते. सगळे अंक नकोत, नुसतं शेवटचं गाणं. एकच. मग ते जन्मभर झोपले तरी तिची हरकत नव्हती.

ऑपेरा जलप्रलयावरचा होता. बायबलमधली नोहाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते: देव चिडतो, नोहा तारू बांधतो, जनावरं जोडीजोडीने आत जातात आणि बाकी सगळं बुडतं. पण हा ऑपेरा लिहिणारा संगीतकार प्रेमात पडलेला होता किंवा नुकताच त्यातून बाहेर आला होता. त्याने नोहाच्या धाकट्या मुलाला बाहेरच्या वस्तीतली एक मुलगी दिली. मुलगा तारवात जातो, मुलगी बाहेर राहते, कारण देवाने बोलावलेल्यांत ती नसते. दोन कासवांना जागा मिळते, हिला नाही. ती बुडते. आणि बुडून झाल्यावर शेवटच्या अंकात पाण्याखालून एक गाणं म्हणते. बुडालेली बाई कशी गाते हे संगीतकाराने कुठे सांगितलेलं नाही. त्या गाण्यासाठी त्याचं सगळं माफ होतं.

ती मुलगी म्हणजे धाकटी. पहिल्यांदाच मागच्या रांगेतून पुढे आलेली.

प्रयोग मैफलीसारखा होता. म्हणजे तारू नाही, जनावरं नाहीत, कपडेपट नाही. मागे वाद्यवृंद, त्यामागे पायऱ्यांवर गायकवृंद, पुढे खुर्च्यांची एक रांग आणि त्यावर काळ्या कपड्यांतले प्रमुख गायक. ज्याचा प्रवेश तो उभा राहतो, ज्याचा नाही तो बसतो. एवढंच नाटक. मास्तर, म्हणजे हे सगळं हाकणारे संगीत दिग्दर्शक, पहिल्याच तालमीला म्हणाले होते, "उभा तो हजर, बसला तो गैरहजर किंवा मेलेला. लक्षात ठेवा, आपल्याकडे दुसरं काही नाहीये."

"मग शेवटचं गाणं मी उभं राहून म्हणायचं ना?" धाकटीने विचारलं होतं.

"तू बुडालेली असतेस. बसून."

"पण गाते ना मी, मास्तर."

"गाणं लिहिणाऱ्याने गायला सांगितलंय. उभं राहायला नाही सांगितलं. बुडालेल्यांनी उभं राहू नये."

"देव तर पहिल्यापासून बसूनच असतो," देवाचं काम करणारा खर्जातला गायक म्हणाला. त्याला सगळे आकाशवाणी म्हणत. दिवसा तो घरसामानाचा ट्रक चालवायचा, आणि तो शिंकला तरी मागचे ढोल थरथरायचे. "म्हणजे मी मेलेला की गैरहजर?"

मास्तरांनी त्यावर थोडा विचार केला. "ते ज्याचं त्याने ठरवावं," म्हणाले, आणि ताल दाखवायची काडी उचलली.

गायकवृंदालाही सोपा नियम होता. ते सगळे बाहेरच्या वस्तीतले लोक, धाकटीच्या बाजूचे. ती उभी राहिली की उभं राहायचं, ती बसली की बसायचं. मान वर करून मास्तरांकडे बघण्यापेक्षा तिच्या पाठीकडे बघणं सगळ्यांना सोयीचं पडलं. हे पुढे उपयोगी पडेल असं कुणाच्या मनातही नव्हतं, आणि तसं ते पडलंही नाही.

दिवे मंद झाले. आई-बाबा पाचव्या रांगेत, मधोमध. आईच्या हातात पर्स, पर्सला धातूची कडा. ती कडा बाबांच्या बरगडीला कुठे लावायची याची जागा आईने आधीच बघून ठेवली होती.

सारंग्यांच्या त्या मोठ्या परदेशी बहिणींनी, म्हणजे चेलोंनी, संथ सुरुवात केली. धाकटी उभी राहिली, तिच्यामागे सगळी वस्ती उभी राहिली, आणि तिने श्वास भरला.

बाबा गेले.

आईने कडा लावली. बाबांनी झोपेतच पर्स प्रेमाने स्वतःकडे ओढून घेतली आणि उशीसारखी कुशीत धरली. पहिला अंक असा गेला. दुसऱ्या अंकात धाकटी आणि नोहाचा मुलगा विहिरीवर भेटतात. विहीर म्हणजे मास्तर. दोघं त्यांच्या दोन बाजूंना उभे राहून मास्तरांत डोकावून गात होते. धाकटीचा सूर इतका मऊ लागला की बाबांच्या शेजारचे गृहस्थ बाबांच्या खांद्यावर कलंडले, त्यांच्या शेजारच्या बाई त्या गृहस्थांवर, आणि पाचवी रांग वाऱ्याने गवत झुकावं तशी हळूहळू एका बाजूला झुकली. बाबांच्या दुसऱ्या बाजूला आई एकटी ताठ बसली होती, कापणीतून राहिलेल्या काडीसारखी.

तिसऱ्या अंकात आकाशवाणी बसल्या बसल्या बोलली, आणि पाणी यायला लागलं.

ते आधी वाद्यांतून आलं, हार्पच्या तारांतून, एकेक थेंब. मग व्हायोलिनांच्या कडेवरून ओघळलं आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरलं. धाकटीने शेवटची हाक मारली, नोहाचा मुलगा पाठ करून उभा राहिला, कारण तारवाचं दार म्हणजे त्याची पाठ होती. ती बसली. वस्ती बसली. बुडाली.

आणि बाबांनी डोळे उघडले.

आवाज थांबला की त्यांना जाग येते, हे धाकटीला माहीत नव्हतं. कसं असणार? लहानपणी बाबा झोपले की ती पाय न वाजवता दप्तर उचलून शाळेला जायची. ती गेल्यावर ते जागे होत असतील, खिडकीसमोरच्या ठोक्यांत एकटेच पडून राहत असतील, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता आलं. ती खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बुडालेली होती. बुडालेल्या माणसाला काही काम नसतं. ती बाबांकडे बघत राहिली.

पाणी वाढत होतं. पहिल्या रांगेतल्या लोकांचे बूट आधी सुटले आणि जोडीजोडीने बाहेर निघाले. मग खुर्च्या हलक्या झाल्या. दुसरी रांग तिसरीला हळूच टेकली आणि "माफ करा" म्हणाल्यासारखी बाजूला झाली. छतावरचं मोठं झुंबर आता अगदी जवळ आलं होतं, हात लांबवून धूळ पुसता आली असती. पाचवी रांग होडीसारखी आडवी तरंगत होती. त्यात आई सोडून सगळे गाढ झोपलेले आणि मधोमध बाबा, कुशीत पर्स घेऊन, टक्क जागे, घाबरलेले. ते तिच्याकडे बघत होते. ती बसली होती, म्हणजे मेलेली होती, आणि हा नियम त्यांना कुणी सांगितलेला नसूनही बरोबर कळला होता. त्यांनी आईच्या कानाशी तोंड नेलं. त्यांचे ओठ धाकटीला स्पष्ट वाचता आले. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून तिचीही नजर तयार झाली होती.

"आपली पोरगी उठत का नाहीये?" बाबा विचारत होते.

शेवटच्या अंकात तारवातली मंडळी उभी राहून सुखरूप असल्याबद्दल गात होती. त्यांचं झालं, वाद्यं जवळजवळ थांबली, आणि पाण्याखालच्या गाण्याची सुरावट सुरू झाली. मास्तरांनी काडी तिच्याकडे वळवली. त्यांचे रुंद खांदे नेमके पाचव्या रांगेच्या आड आले आणि बाबा दिसेनासे झाले.

धाकटी उभी राहिली. तिने ठरवलं वगैरे काही नव्हतं. बाबा दिसत नव्हते म्हणून ती उठली, बस.

तिच्या पाठीकडे बघणारी अख्खी वस्ती उभी राहिली. बुडालेले चाळीस जण, पायऱ्यापायऱ्यांवरून, कपड्यांचा सळसळ आवाज करत, पाण्यातून वर आल्यासारखे. हे बघून तारवातली मंडळी गोंधळली. इतके लोक हजर झाले तर आपण नक्कीच गैरहजर असणार, असा हिशेब करून नोहा बसला. नोहाची बायको बसली. सुना बसल्या. नोहाचा धाकटा मुलगा एकदा तिच्याकडे, एकदा वडिलांकडे बघून अर्धवट बसला आणि तसाच राहिला. एका उठण्याने जलप्रलय उलटा झाला होता: ज्यांना बुडवलं ते उभे, ज्यांना वाचवलं ते तळाशी. आकाशवाणीने आयुष्यात पहिल्यांदा उभं राहून बघितलं, काही कळलं नाही, आणि पुन्हा बसला.

मास्तरांचं तोंड उघडं होतं, पण हात चालू होता. हाताला सवय होती.

धाकटीने पहिला सूर लावला.

पाचव्या रांगेत बाबांची पापणी उतरली.

तिने सूर सोडला. पापणी चढली.

वाद्यं पुढे चालली होती. तिने दुसरा सूर लावला, अगदी बारीक, दाराच्या फटीतून बघावं तसा. पापणी उतरली. सोडला. चढली. एवढ्यात बाबांनी तिला ओळखल्यासारखी मान हलवली होती, आणि झोप पुन्हा त्यांना बाहीला धरून मागे ओढत होती. ते दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून झोपेला मागे रेटत होते. त्या वयाच्या माणसाला इतकी मेहनत करताना बघवत नव्हतं.

या गाण्यासाठी धाकटी कित्येक वर्षं मागच्या रांगेत उभी राहिली होती. सभागृह भरलेलं होतं. हे गाणं परत तिच्या वाट्याला येणार नव्हतं, हे मास्तरांच्या मानेवरच्या शिरेवरूनही दिसत होतं. गायली तर सगळ्यांना ऐकू येईल, एकाला सोडून. तिने सगळ्यांकडे बघितलं. मग एकाकडे.

तिने तोंड उघडलं आणि आवाज आतच ठेवला.

ती गाऊ लागली. श्वास जिथे घ्यायचा तिथे घेतला, जिथे थांबायचं तिथे थांबली, वरच्या सुरावर मान किंचित उजवीकडे गेली तशी गेली. फक्त आवाज नव्हता. क्लॅरिनेटवाल्याला तिच्या मागोमाग हळू वाजवायचं होतं. पुढे कुणीच नाही असं लक्षात येऊन तो घाबरला आणि त्याने तिची चाल उचलली, अंधारात कुणाचा तरी हात धरावा तशी. मागचे चाळीस जण उगीच उभे होते, तेही तोंड हलवू लागले. सभागृहात पाणी छतापर्यंत होतं आणि पाण्याखाली सगळे गात होते, आणि बुडबुडासुद्धा फुटत नव्हता.

बाबा जागे होते. पहिल्या कडव्यात जागे, दुसऱ्यात जागे. त्यांचे ओठ तिच्या ओठांबरोबर हलायला लागले. लहानपणी ती पाढे म्हणायची तेव्हा ते झोपेत जाता जाता पुढचा आकडा पुटपुटायचे, अगदी तसे. शेवटची ओळ लांब होती. ती तिने पूर्ण श्वास संपेपर्यंत ओढली, क्लॅरिनेटवाल्याचा चेहरा जांभळा झाला, आणि संपलं. ती बसली. वस्ती बसली. पाणी कुठे गेलं कुणी बघितलं नाही.

मग टाळ्या झाल्या. पाचवी रांग दचकून जागी झाली आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

पडद्यामागे, म्हणजे पडदा नव्हता म्हणून जिन्यामागे, मास्तरांनी धाकटीसमोर येऊन काडी खिशात घातली. मग म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमापासून तू मागच्या रांगेत."

"हो, मास्तर."

"आणि तिथे उभी राहा किंवा बस. पण मध्येच ठरवू नकोस."

आकाशवाणी जाता जाता तिच्या खांद्यावर थोपटून गेला. "मला ऐकू आलं हां," तो हळू म्हणाला. त्याचं हळू सगळ्या जिन्याला ऐकू गेलं.

बाहेर दिव्याखाली आई-बाबा थांबले होते. बाबांनी अजून पर्स सोडली नव्हती.

"गायलीस," ते म्हणाले.

धाकटीने मान हलवली. ती हो होती की नाही हे अंधारात कळलं नाही.

"अहो, गायली कुठे ती?" आई म्हणाली. "तोंड नुसतं हलत होतं. मी टक्क जागी होते."

"तुला ऐकू आलं नसेल."

"अख्ख्या हॉलला नाही ऐकू आलं!"

"मग अख्ख्या हॉलला नसेल आलं," बाबा म्हणाले, आणि चालायला लागले. "काका म्हणत होते ते खरंय. फार चांगलं गातेस गं, पोरी. आवाज जरा बारीक आहे, पण शेवटची ओळ काय ओढलीस! मला वाटलं आता हिचा श्वास संपतो."

"संपलाच होता, बाबा."

बाबा पुढे जाऊन कोपऱ्यावर वळेपर्यंत गुणगुणत होते. चाल बरोबर होती. आईने धाकटीकडे बघितलं, धाकटीने आईकडे. दोघी पाय न वाजवता मागून चालू लागल्या, नाहीतर ते थांबले असते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली, दादाचं चांगलं पेन मागून घेतलं आणि सभागृहाच्या कार्यालयात स्वतः जाऊन एक अर्ज दिला. खिडकीतल्या बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला, त्यावर पोचल्याचा शिक्का मारला आणि कुठे ठेवावा हे न सुचल्यामुळे कुंडीखाली ठेवला. अर्ज असा होता:

"प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: कन्येस वेळेवर बुडविण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर ऑपेरामध्ये माझी कन्या तिसऱ्या अंकाअखेर बुडत असल्याने त्यापूर्वीच्या सर्व अंकांत अर्जदारास झोप लागते व तिकिटाचा बराचसा भाग अर्जदारास जागेपणी मिळत नाही. तरी यापुढील सर्व प्रयोगांत, तसेच ज्या संगीतात पाणी नाही अशा प्रयोगांतही, सदर कन्येस पहिल्या अंकाच्या आरंभीच बुडविण्यात यावे व त्यानंतर अखेरपर्यंत उभे ठेवण्यात यावे. ती बुडालेली असताना अर्जदार जबाबदारीने जागा राहील. याबाबत देवाचे काम करणाऱ्या गृहस्थांची हरकत नसल्याचे त्यांनी अर्जदारास तोंडी कळविले आहे. उचित कार्यवाही होऊन तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती."